सरासरीच्या वरची माणसं

श्रावण लागला की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत खोकला जिन्यानं वर चढतो. आधी तळमजल्यावरच्या पाळणाघरातली पोरं शिंकायला लागतात, मग पहिल्या मजल्यावरचे कंपनीत जाणारे नवराबायको, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास तो तिसऱ्या मजल्यावरच्या भिडेकाकांपर्यंत पोचतो. भिडेकाका ऐंशीच्या पुढचे आहेत. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ओल्या छत्र्या मिटवून माणसं उभी असतात आणि जो तो दुसऱ्याला सांगत असतो, "व्हायरल आहे हो, सगळीकडे आहे." सगळीकडे आहे म्हटलं की आपल्याला का कोण जाणे, बरं वाटतं. दुकानदार गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापतो आणि न विचारता "पाणी भरपूर प्या" सांगतो. पुण्यातल्या दुकानदारानं न विचारता काही सांगावं, म्हणजे साथ मोठीच असणार.

मी त्या रांगेत उभी राहून भलतंच करते. समोरच्या माणसाला पाहून मनानं तीन आठवडे पुढे जाते. ताप चार दिवसांत उतरेल, खोकला आणखी दहा दिवस रेंगाळेल. मग सगळं विसरून गेल्यावर एखाद्या सकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं हृदय थांबेल, आणि डॉक्टर कागदावर हृदय लिहितील. ताप कुणी लिहिणार नाही. ही खोड नोकरीनं लावलेली आहे. माणसं कशानं मेली, हे वाचण्यात माझं आयुष्य गेलं.

माझे वडील असेच एका पावसाळ्याच्या शेवटी गेले. त्याच पावसाळ्यात आमच्या कचेरीत, दरवर्षी येणाऱ्या फ्लूनं सगळ्या देशात किती माणसं जातात, याचा अंदाज काढायचं काम चाललं होतं. त्या अंदाजात अप्पा आहेत की नाहीत, एवढाच एक प्रश्न त्या ऋतूतून माझ्यापाशी उरला आहे. माझ्या मोजणीत ते नाहीत. कचेरीतल्या रंजनाच्या मोजणीत आहेत. रंजनावर मी जळत होते. हे आताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी उगाच चांगलं मत व्हायला नको.

लष्कर भागातल्या एका दगडी इमारतीत आमची कचेरी होती. मृत्यूचं कारण लिहिलेले डॉक्टरांचे फॉर्म गावोगावच्या दवाखान्यांतून गठ्ठे बांधून तिथं यायचे. पावसाळ्यात त्या गठ्ठ्यांना न वाळलेल्या कपड्यांसारखा वास यायचा. तो वास मला आजही आला की हात पेन्सिल शोधतो. काम असं की फॉर्म वाचायचा, रोगांच्या जाड पुस्तकातून त्या कारणाचा क्रमांक हुडकायचा, तो लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहायचा आणि खाली आपलं आद्याक्षर करायचं. माझ्यासारखा क्रमांक लावणारं माणूस तिथं दुसरं नव्हतं. पुस्तकातली निम्मी पानं मला पाठ होती आणि डॉक्टरांचं अक्षर तर मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त लागायचं.

फॉर्मचे दोन भाग असत. पहिल्यात, मृत्यू ज्यानं ओढवला ते कारण. दुसऱ्यात, त्याआधी त्या शरीरात आणखी काय चाललं होतं ते. हा दुसरा भाग डॉक्टर कोरा सोडायचे. "हृदयक्रिया बंद पडली" एवढं लिहून मोकळे. अहो, हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते, नाहीतर फॉर्म आमच्याकडे कशाला आला असता? मी चिडून दवाखान्यांना चिठ्ठ्या पाठवायचे, 'कृपया दुसरा भाग भरावा. नातेवाइकांना विचारून भरावा.' आणि कचेरीत नवीन येईल त्याला माझा पहिला धडा हाच असायचा. आधी दुसरा भाग वाच. तो कोरा दिसला तर समजून जा, कुणीतरी विचारलेलं नाही, किंवा कुणीतरी सांगितलेलं नाही.

हा धडा मी रंजनालाही दिला.

त्या वर्षांत पुणं भराभर कात टाकत होतं. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवत होत्या, रस्त्यावर नव्या कंपन्यांच्या गाड्या आल्या होत्या. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांत आता संगणकाचे सुटे भाग दिसायला लागले होते, आणि माडीमाडीवर संगणक शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या. रंजना बोरकुटे चंद्रपूरकडच्या एका खेड्यातून आलेली, संख्याशास्त्र शिकलेली मुलगी. आमच्याकडे हंगामी लागली. हडपसरला मावसबहिणीच्या घरी राहायची, दिवसभर आमच्याकडे फॉर्म वाचायची आणि संध्याकाळी बुधवार पेठेत संगणक शिकायची. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "ताई, मी कुठं बसू जी?"

"आमच्याकडे खुर्चीवर बसायची पद्धत आहे," मी म्हणाले.

ती खळखळून हसली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. माझा टोमणा तिला कळला नव्हता की कळूनही लागला नव्हता, हे मला समजेना. दोन्हींचा राग सारखाच आला.

कचेरीत एक संगणक आलेला होता. त्याला स्वतंत्र खोली, गार हवेचं यंत्र आणि प्लॅस्टिकचा झगा होता. दारावर साहेबांनी पाटी लावली होती, 'चपला बाहेर काढाव्यात. यंत्रास हात लावू नये. शंका विचारू नयेत.' वर्षभर सगळ्यांनी त्या खोलीला देवघरासारखं मानलं. रंजना तिसऱ्या आठवड्यात चपला काढून आत गेली, झगा उतरवून घडी घातली आणि कळफलकावर बोटं टाकली. मी फाइल द्यायच्या निमित्तानं दारात उभी होते. तिची बोटं बघत होते. पेटी वाजवणाऱ्या माणसाची चालतात तशी ती खाली न बघता चालत होती. माझी बोटं लाल पेन्सिल धरून वाकडी झालेली. मला त्या क्षणी तिचं वय नको होतं, रूप नको होतं, फक्त ती बोटं हवी होती.

मग वरून पत्र आलं. सगळ्या देशाचा फ्लूचा अंदाज हवा होता. साहेबांनी ते काम विश्वासानं माझ्याकडे दिलं. मी दीड महिना खपले. कपाटातले जुने गठ्ठे उतरवले, धुळीनं शिंकले, आणि ज्या फॉर्मवर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं फ्लू लिहिला होता तेवढे वेगळे काढले. जे निघाले ते एका हाताच्या पंजात मावत होते. मी ते साहेबांच्या टेबलावर नीट चळत लावून ठेवले.

साहेबांनी चळत बोटानं उचकटली. "म्हणजे देवधरबाई, आपल्या देशात फ्लूनं कुणी मरतच नाही म्हणायचं. अभिनंदन. वर कळवून टाकू?"

मी म्हणाले, "जे लिहिलंय ते मोजलंय, साहेब. न लिहिलेलं कसं मोजू?"

तेव्हा मागून रंजना म्हणाली, "पण ताई, आमच्या गावात कोण भरते जी फॉर्म? माझी माय तापानंच गेली, दिवाळीच्या थोडी आधी. डॉक्टर आलाच नाही. गावानं म्हटलं, अशक्तपणा होता. तिचा कागदच नाही. मग ती मेलीच नाही का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आणि मला काय वाटलं? सांगायला लाज वाटते. तिच्या आईचं वाईट वाटण्याआधी मला वाटलं, हिनं माझ्या दीड महिन्यावर एका वाक्यात बोळा फिरवला.

अप्पा हवामान खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी आमच्या त्या वेळच्या घराच्या गच्चीवर त्यांनी स्वतःचं पर्जन्यमापक ठेवलं होतं. रोज सकाळी साडेआठला ते वर जायचे, मापातलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचे, खाली येऊन वहीत आकडा लिहायचे आणि मगच नाश्ता मागायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. मी लग्न केलं नाही. लोक समजायचे की वडिलांसाठी केलं नाही, आणि मी लोकांना तसं समजू दिलं. खरं म्हणजे मला अप्पांच्या घरात दुसऱ्या क्रमांकावर राहण्याची इतकी सवय झाली होती, की आणखी कुठे जाऊन तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर बसायची इच्छा नव्हती.

एका रविवारी रंजना घरी आली. काहीतरी विचारायला म्हणून आली आणि येताना स्टीलच्या डब्यातून गोळाभात घेऊन आली, बेसनाचे गोळे घातलेला भात, वर लाल मिरचीची फोडणी, सोबत ताकाची कढी. अप्पांनी तीनदा वाढून घेतला. "सुमे, हे शिकून घे हिच्याकडून," ते म्हणाले. वीस वर्षं मी त्यांच्या पानात वाढत होते. एवढ्या वर्षांत अप्पा एवढंच म्हणायचे, "मीठ बरोबर आहे."

जेवणं झाल्यावर ती त्यांच्या पावसाच्या वह्या चाळत बसली. मी समोर घेवडा निवडत होते.

"काकाजी," ती म्हणाली, "पावसाच्या थेंबावर तर काही लिहिलेलं नसते नं. मग यंदा पाऊस जास्ती झाला, हे तुम्ही कसं म्हणता?"

अप्पा खूश झाले. असं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं? "सोपं आहे," ते म्हणाले. "या आठवड्यात दरसाल साधारण किती पडतो, ती एक रेघ. यंदा पडला किती, ती दुसरी. दुसरी जितकी वर गेली, तेवढा जास्तीचा पाऊस. प्रत्येक थेंबाला विचारत बसायचं नाही, तू सरासरीतला का जास्तीतला."

रंजनाची पेन्सिल हवेतच थांबली. मला ते थांबणं अजून दिसतं. "काकाजी," ती हळूच म्हणाली, "माणसाचंही असंच काढता येईल."

मग तिनं एका जुन्या पानामागे रेघा काढल्या. दर आठवड्याला एरवी किती माणसं जातात, ती एक रेघ. इथं पुण्याच्या प्रयोगशाळेत घशाचे नमुने तपासतात, तिथून कळतंच, कुठल्या आठवड्यांत फ्लू माजलाय. त्या आठवड्यांत जाणाऱ्यांची रेघ वर उचलली गेली, तर ती उचल फ्लूची. मग फॉर्मवर हृदय लिहिलेलं असो, फुप्फुस असो, मधुमेह असो, नाहीतर नुसतं म्हातारपण. ज्या शहरांतले कागद पुरे आहेत तिथं वयाप्रमाणे ही उचल काढायची, आणि मग कागदच नसलेल्या गावांपर्यंत, साऱ्या देशापर्यंत पसरायची. "पण मग एक आकडा नाही येणार काकाजी. इतक्यापासून इतक्यापर्यंत, असं सांगावं लागंल."

"मेलेल्या माणसांचा आकडा इतक्यापासून इतक्यापर्यंत कसा असेल?" मी घेवड्याची शीर ओढत म्हणाले. "माणूस एकतर मेलेला असतो, नाहीतर नसतो."

अप्पा माझ्याकडे बघून हसले. "सुमे, तुला एकच आकडा हवा असतो, कारण तुला तो लिहून हातावेगळा करायचा असतो."

ते लागट बोलले नव्हते. पण ते तिच्यासमोर बोलले. सरासरी, जास्तीचा, रेघ वर गेली, हे शब्द मी जन्मापासून जेवताना ऐकत आले होते. माझ्या घरातली वस्तू, माझ्या डोळ्यांदेखत, पाहुणीनं उचलली आणि ती काय कामाची आहे हे मला दाखवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी तिचा डबा दोनदा घासला.

मत्सराबद्दल लोक फार मोठं मोठं बोलतात, की तो जाळतो, पोखरतो. माझा अनुभव अगदी किरकोळ आहे. मत्सर म्हणजे दुसऱ्याचा घासलेला डबा परत करताना त्यात रिवाजाप्रमाणे काहीतरी घालावं लागतं, ते आठवून मी चिमूटभर साखर घातली, एवढंच.

तीन रविवार ती येत राहिली. मग मला ताप आला. घसा धरला, अंग मोडून आलं. बुधवारचा दिवस होता आणि शुक्रवारी वरून आलेल्या अधिकाऱ्यांसमोर बैठक होती. तिथं मी माझी मोजणी सांगायची होती आणि रंजनानं तिच्या रेघा दाखवायच्या होत्या. ती माझ्या टेबलाशी आली, कपाळाला हात लावला, माझी परवानगी न घेता.

"ताई, तुम्ही चार दिवस घरी राहा, अन् काकाजींपासून वेगळ्या राहा. त्यांचा डबा मी आणून देते. एकच तर बस बदलावी लागते. तुमचे कागदही मीच वाचून दाखवते नं बैठकीत."

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मला दिसलं ते असं. शुक्रवारी माझ्या खुर्चीवर ती, दुपारी माझ्या स्वयंपाकघरात ती, अप्पांच्या पानात तिचा भात. मी म्हणाले, "माझ्या वडिलांना जेवू घालायला मी अजून जिवंत आहे."

तिनं हात मागे घेतला. "बरं ताई," म्हणाली.

शुक्रवारी मी अंगात ताप घेऊन बैठकीला गेले. माझी चळत दोन मिनिटांत बाजूला सरकली. पुढचा तासभर सगळे रंजनाच्या रेघा बघत होते. मी मागच्या भिंतीला टेकून खोकत होते आणि माझ्या खोकण्याचा त्यांना व्यत्यय होत होता. घरी येऊन मी वरणभात केला, अप्पांना वाढला, रोजच्यासारखी त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसले आणि बैठक कशी फसली ते त्यांना रंगवून सांगितलं. ती फसली नव्हती. खोकला आला की मी पदर तोंडाला लावायचे. पदर लावला म्हणजे काळजी घेतली, असं वाटायचं. फ्लू कसा पसरतो, ते पुस्तकातलं पान मला पाठ होतं.

मंगळवारी अप्पांना ताप आला. पाच दिवस ते गच्चीवर जाऊ शकले नाहीत. मी जाते म्हटलं, तर म्हणाले, "तुला पाण्याची कड बघता येत नाही." त्या वहीत पाच दिवस कोरे आहेत. आगेमागे वर्षानुवर्षांचे आकडे, बारीक, सरळ, आणि मध्ये पाच रिकाम्या ओळी. अप्पांच्या तापाचा जगात एवढाच लेखी पुरावा आहे.

सहाव्या दिवशी ते जिना चढले. चेहरा उतरला होता, पण आकडा लिहून झाल्यावर त्यांनी नाश्ता मागितला तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. गणपती आले, गेले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते गच्चीवरून आले, वही उघडली, आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीतच मान टाकली. मी पोहे परतत होते. टोपण लावल्याचा आवाज मी ऐकला होता, असं मला वाटतं. कदाचित नंतर मी तो मनानं घातला असेल.

शेजारचे डॉक्टर धावत आले. नंतर, सगळं संपल्यावर, त्यांनी बॅगेतून तो फॉर्म काढला. माझा फॉर्म. उलटीकडूनसुद्धा मला तो वाचता येत होता. त्यांनी पहिला भाग भरला. मग, सगळे डॉक्टर विचारत नाहीत ते या भल्या माणसानं विचारलं, "गेल्या महिन्याभरात काही आजार? ताप वगैरे?"

मी म्हणाले, "नाही. विशेष काही नाही."

पेन दुसऱ्या भागावर क्षणभर थांबलं आणि तिथून निघून गेलं.

असं मी का म्हणाले, याची मी पुष्कळ कारणं शोधली. डोकं ठिकाणावर नव्हतं, हे एक. ताप बरा झाला होता, हे दुसरं. खरं कारण एकच आहे. ताप म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, घरात आणखी कुणाला होता का?

आमच्या कचेरीत एक रीत होती. कुणाच्या नात्यातल्या माणसाचा फॉर्म गठ्ठ्यातून निघाला, की तो काही न बोलता शेजारच्या टेबलावर सरकवायचा. शेजारचा माणूस क्रमांक लावून गठ्ठ्यात टाकायचा. त्याबद्दल नंतर कुणी बोलत नसे. महिन्याभरानं अप्पांचा फॉर्म माझ्या हातात आला. मी थांबले असेन. शेजारून रंजनानं मान वर न करता तळहात पुढे केला.

मी दिला नाही. अप्पांचा शेवटचा कागद मी तिच्या हातात देणार नव्हते. हृदयाचा क्रमांक पुस्तक न उघडता लिहिला, खाली आद्याक्षर केलं आणि कागद पालथा घातला. नियमानं त्यात एक अक्षर चुकीचं नाही. आजही तो फॉर्म समोर आला तर मला तोच क्रमांक लावावा लागेल. तिचा हात थोडा वेळ तसाच टेबलावर होता.

हिवाळ्यात तिचा अंदाज पुरा झाला. यंत्रातून कडेला भोकं असलेल्या कागदाची लांबलचक पट्टी निघाली. तिच्यावर दोन रेघा होत्या, बराच काळ एकमेकींना धरून चालणाऱ्या. पावसाळ्याच्या शेवटी वरची सुटून उंच जात होती आणि मग पुन्हा खाली येऊन मिळत होती. साहेब, शिपाई, सगळे भोवती उभे होते. मी मागून बघितलं. तो आठवडा मी बरोबर ओळखला. दोन रेघांच्या मधल्या त्या पांढऱ्या जागेत नावं नव्हती, क्रमांक नव्हते, आद्याक्षरं नव्हती. तिथं रंजनाची माय होती, कुठल्या तरी गावच्या उचलीत. आणि तिथं अप्पा होते. मी नाही म्हटलं तरी होते. माझ्या मोजणीतून मी त्यांना बाहेर ठेवलं होतं आणि तिच्या मोजणीनं त्यांना, नाव न विचारता, आत घेतलं होतं. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यातच मत्सराचं असं काही डोकं वर आलं, की मी चहाचं निमित्त करून बाहेर गेले. माझ्या वडिलांना जागा द्यायची ती मी. हिनं का द्यावी?

वर्षभरात रंजना गेली. हडपसरला नवी कंपनी निघाली होती, परदेशी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणारी. गळ्यात ओळखपत्र अडकवून ती कचेरीत पेढे द्यायला आली. हडपसरला पूर्वी लोक भाजी आणायला जायचे, आता तिथं काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यातल्या एकीत तिचं टेबल होतं. मला कुणी विचारलं असतं तर मी गेले असते का? नसते गेले. तरीही कुणीच विचारलं नाही, हे लागलं.

मी त्याच खुर्चीवर निवृत्त झाले. जुनं घर सोडून कर्वेनगरला आले. अप्पांच्या वह्या आणल्या, पर्जन्यमापक मात्र इथल्या गच्चीवर ठेवायला सोसायटीनं परवानगी दिली नाही. तसा त्यांनी ठरावच केला. मधल्या मोठ्या साथीत टीव्हीवरचे लोक 'जास्तीचे मृत्यू' असा शब्द वापरू लागले, दोन रेघा दाखवू लागले. मी घरात एकटीच बसून त्यांना म्हणायचे, हे आमच्याकडे आधीच झालंय, घेवडा निवडताना.

रंजना वर्षातून दोनतीनदा फोन करते. अप्पांचा विषय ती काढत नाही. तिच्या न काढण्याचाही मला हेवा वाटतो, कारण मला इतकं गप्प राहता आलं नसतं.

या श्रावणात जिन्यानं चढत येणारा खोकला दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे थांबला. चार दिवस झाले. काल सकाळी रंजनाचा फोन आला. मी "हॅलो" म्हणाले तेवढ्यावरच ती म्हणाली, "आवाज बसला ताई. ताप आहे नं?"

"व्हायरल आहे. सगळीकडे आहे," मी म्हणाले.

दुपारी दारावर बेल वाजली. लाकडी दार उघडलं, तर बाहेरच्या जाळीच्या दारापलीकडे ती उभी. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय, खांद्याला महागाची पर्स आणि हातात तोच जुना स्टीलचा डबा, कडीचा. तिनं जाळीच्या कडीला हात घातला.

"आत येऊ नकोस," मी म्हणाले. "मला खोकला आहे. तूही आता साठीला आलीस."

"बरं ताई," ती म्हणाली आणि डबा उंबऱ्याबाहेर ठेवून दोन पावलं मागे झाली. वर जाणाऱ्या जिन्याच्या कठड्याला भिडेकाकांची काठी टेकवलेली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे जाळीतून बघत राहिलो. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या खोकल्यापासून लांब ठेवलं होतं. मग ते तोंडातून निघालंच.

"अप्पांना ताप माझा लागला होता. डॉक्टरांनी विचारलं, तर मी नाही म्हटलं."

तिनं चष्मा वर सरकवला. "मले ठाऊक आहे ताई. तो फॉर्म मशीनमध्ये मीच भरला नं. दुसरा भाग कोरा दिसला, तेव्हाच समजलं. ज्या बाईनं मले दुसरा भाग आधी वाचायला शिकवला, तिच्या घरचा कोरा कसा राहील?"

मला खोकला आला, आणि आला ते बरं झालं.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "गोळे थंडे झाले की दडदडीत होतात." आणि जिना उतरून गेली. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत मी जाळीचं दार उघडलं नाही.

मग डबा आत घेतला. वरच्या पुडात कढी, खालच्यात गोळाभात, फोडणीचं तेल अजून चुरचुरत असल्यासारखं गरम. मी पान घेतलं नाही, डब्यातूनच खाल्लं. तापाच्या तोंडालाही चव लागली. अप्पा म्हणायचे तेवढा तो चांगला होता. मला त्याचा राग आला, आणि मी डबा पुसून खाल्ला.